फितीपलीकडचं धायरी

एका मुलीच्या शिक्षणासाठी अख्खा समाज उभा राहतो, हे मी धायरीत डोळ्यांनी पाहिलं. उभं राहण्याचं कारण एवढंच की खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या.

कोथरूडहून धायरी नकाशावर हाकेच्या अंतरावर आहे. नकाशा काढणारा सिंहगड रस्त्याने गेलेला नसावा. दोन बस बदलून मी आणि माझी वर्गमैत्रीण शोभा निघालो. शोभा निवृत्त परिचारिका. एका शाळेत ‘सक्षम किशोरी’ उपक्रमाचं उद्घाटन होतं. तिला आरोग्यावर बोलायचं होतं आणि मला, तिच्या मते, हवापालट हवा होता. हवा मुख्यतः डंपरची मिळाली.

धायरी एकेकाळी गाव होतं. अजूनही इमारतींच्या फटीतून टेकडी दिसते, आणि पार्किंगमध्ये एखादी म्हैस स्वतःच्या जागेवर असल्यासारखी उभी असते. रस्ता विचारला, तर भाजीवाल्या आजी म्हणाल्या, “शाळा व्हय? पल्याड हाय. मांडव दिसंल.”

मांडव दिसला. त्यावर फलक : ‘पाळी म्हणजे विटाळ नव्हे.’ मांडवामागे मुलींचं नवं स्वच्छतागृह, दाराला लाल फीत. जुन्या स्वच्छतागृहात कार्यक्रमाच्या गाद्या आणि तक्के रचले होते. प्रमुख पाहुणे यायचे होते. “साहेब वडगावच्या पुलावर आहेत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. समोर बटाटेवडे झाकून ठेवलेले. पाहुण्यांआधी त्यांनाही हात लावायचा नव्हता.

औक्षणाचं ताट घेऊन दहावीतली वैष्णवी उभी होती. ती वर्गशिक्षिकेच्या कानात काहीतरी कुजबुजली. बाईंनी सगळ्यात आधी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. मी वर फलकाकडे पाहिलं. तो जागेवरच होता.

“मॅडम, घरी जाऊन येऊ?”

“टेकडीपर्यंत? आणि पेपर?” दहावीची विज्ञानाची पूर्वपरीक्षा वरच्या मजल्यावर थोड्याच वेळात सुरू होणार होती. एकदा सुरू झाली की कुणाला आत घेत नाहीत. “गेल्या वेळी अशीच घरी गेलीस आणि गणिताचा बुडवलास. पाच मिनिटं थांब. साहेब पुलावर आहेत.”

वैष्णवी ओढणी घट्ट लपेटून भिंतीला टेकली. साहेब पुलावरच राहिले. वरच्या मजल्यावर पहिली घंटा झाली.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. “अहो बाई, हे स्वच्छतागृह नक्की कुणासाठी बांधलंय?”

“मुलींसाठी.”

“मग ही एक मुलगी आहे.”

“उद्घाटनाआधी कसं वापरणार? आपण पाहुण्या आहात, आपण बसून घ्या.”

“खुर्ची द्या, बसते.”

माझी वाक्यं अशी चुरचुरीत असतात आणि त्यांनी काहीही होत नाही. शोभा मात्र पुढे झाली. पिशवीतून पॅडचं पाकीट काढून तिने मुलीच्या हातात दिलं, दाराशी जाऊन फीत वर उचलली आणि म्हणाली, “वाक गं.”

वैष्णवी फितीखालून आत गेली.

“अहो ताई, फीत ढिली झाली! फोटोत कशी दिसेल?” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“तुम्ही काळजी करू नका,” शोभा म्हणाली, “मी ओढून धरते.” आणि तिने खरोखरच धरली.

मुलगी बाहेर आली तेव्हा दुसरी घंटा होत होती. ओल्या हातांनीच ती जिन्याकडे पळाली. एका शिक्षिकेने सवयीने दटावलं, “पळायचं नाही!” तिने ऐकलं नाही, हे बरं झालं.

मग साहेब आले. औक्षण दुसऱ्या मुलीने केलं. शाल, नारळ आणि तुळशीचं रोप त्यांनी घाईघाईने स्वीकारलं, भाषण नंतर ठेवा म्हणाले आणि कात्री मागितली. फीत कापताच, टाळ्या चालू असतानाच ते आत गेले आणि कडी लावली. पुलावर बराच वेळ गेला होता.

परतीच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली नाही. शोभाच्या हातावर फितीचा रंग उतरला होता. तो ती रुमालाने पुसत होती. अशा कार्यक्रमांनी काही बदलतं का, असा गंभीर विचार मी करू लागले.

“पोहोचली ना गं ती वेळेत?” तिने विचारलं.

“पोहोचली. मी खालून वर्गाचं दार बंद होताना पाहिलं. ती आत होती.”

कार्यक्रमाची बातमी शोभाच्या मोबाइलवर तोवर आली होती. बातमीनुसार, मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाचा वापर साहेबांपासून सुरू झाला.