आम्ही चढलो म्हणे

'आम्ही' या शब्दावर माझा राग आहे. 'आम्ही केलं', 'आम्ही गेलो' म्हटलं की कोणी केलं आणि कोण गेलं याचा पत्ताच लागत नाही. स्वयंपाक मी करायचे आणि 'आम्ही वीस जणांना जेवायला बोलावलं होतं' हे नवरा सांगायचा. बर्फ मी उपसायचे आणि 'आम्ही सकाळीच ड्राइव्हवे साफ केला' हेही तोच सांगायचा. तिथवर मी ऐकून घेतलं. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्याच मराठी घरांत हे चालायचं. पण 'आम्ही माचूपिच्चूचा डोंगर चढलो' हे काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते आहे. समोर 'अहो'च म्हणत होते. कागदावर तरी मला ती सूट हवी.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. लग्न होऊन पुण्याच्या घरात गेले, पहिल्याच सकाळी 'मी आलो' म्हणाले आणि दिवाणखान्यात हशा पिकला. 'आलो नाही गं, आले,' असं सासूबाईंनी दुरुस्त केलं. त्यानंतर कित्येक दिवस तोंड उघडण्याआधी मी क्रियापद मनात घोळवून घ्यायचे. शेवटी जीभ वळली. पण अमेरिकेत आल्यावरही नवरा पाहुण्यांना सांगायचा, 'हिला चिडवा, म्हणजे लगेच कोल्हापूर बाहेर येतं.'

सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. तिथल्या लायब्ररीत एका जुन्या परदेशी मासिकात मी पेरू देशातल्या कुस्को शहराच्या एका गल्लीचा फोटो पाहिला होता. गल्लीत इंका लोकांनी बांधलेली भिंत. भिंतीत बारा कोनांचा एक दगड, आणि त्याच्या प्रत्येक कोनात शेजारचा दगड नेमका बसवलेला. मध्ये चुना नाही, काही नाही. इतकी शतकं भूकंप सोसून ती उभी होती. आम्हाला तेव्हा सिमेंटची प्रमाणं पाठ करायला लावत होते. मी ते मासिक तीनदा घरी नेलं आणि मनाशी ठरवलं की ही भिंत आणि त्या लोकांचं डोंगरावरचं गाव, माचूपिच्चू, आपण हात लावून बघायचं.

अमेरिकेत मी काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरीला लागले. रस्त्याकडेची माती ढासळू नये म्हणून ज्या भिंती बांधतात त्यांची डिझाइन्स मी करायचे. म्हणजे भिंतींनी माझी पाठ सोडली नाही. सुट्टीचा हिशोब मात्र ठरलेला होता. एका वर्षी भारत, आणि मधल्या वर्षी भारतातून आलेल्यांना नायगारा. नायगारा मी नऊ वेळा पाहिला. नवव्या वेळी गाडीतून उतरलेच नाही. पेरूचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, 'पडके दगड बघायला इतक्या लांब कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत?'

मग हॉस्पिटलातल्या एका सहकारी डॉक्टरने त्याला पेरूचे फोटो दाखवले. घरी येऊन तो म्हणाला, 'अगं, तू म्हणतेस ती जागा खरंच फेमस आहे.' चौदा वर्षं मी कंठशोष करत होते ते त्याला एका लंचमध्ये पटलं. राग आला, पण तिकिटं काढायची होती म्हणून गिळला. दहा वर्षांच्या मुलीला काकूंकडे ठेवलं आणि आम्ही निघालो. काकू म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्या मराठी मंडळींच्या काकू. वयाने मोठ्या, मनाने चांगल्या, आणि त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

कुस्को अकरा हजार फुटांवर आहे. विमानातून उतरल्यापासून नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी उलट्या झाल्या. हॉटेलवाल्यांनी ऑक्सिजनचं नळकांडं आणलं, तिथला डॉक्टर येऊन तपासून गेला. दोन दिवस पडून राहा, नवख्या माणसाला हे होतंच, असं म्हणाला. नवरा काही मरत नव्हता. त्याला मळमळत होतं.

'उद्याचं कॅन्सल करू,' नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला.

'अहो, माचूपिच्चू इथून तीन हजार फूट खाली आहे. ट्रेन उतरत जाते. तिथे तुम्हाला उलट बरं वाटेल.'

'डॉक्टर मी आहे की तू?'

'डॉक्टर तुम्ही. नकाशा मी वाचलाय.'

'मग जा एकटी,' तो म्हणाला. ते मला जा म्हणून सांगितलेलं नव्हतं, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. पण मी ते शब्दशः घेतलं. उशाशी पाणी, गोळ्या, बिस्किटं ठेवली, तासातासाने डोकवा म्हणून हॉटेलच्या बाईला हातवारे करून समजावलं आणि पहाटे निघाले. दारात असताना त्याने हाक मारली. मला वाटलं, जाऊ नकोस म्हणणार. तो म्हणाला, 'लेन्सची कॅप काढायला विसरू नकोस.'

तिथे मला चार तास मिळाले. आधी भिंतींपाशी गेले. ऑफिसच्या ओळखपत्राचा कोपरा दगडांच्या सांध्यात घालून पाहिला, शिरला नाही. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पाणी काढून द्यायला केलेल्या दगडी पन्हळी शोधून काढल्या. आमच्याकडे भिंत फुगते ती बहुतेक वेळा मागे पाणी साठल्यामुळे, आणि ते जुन्या लोकांना आमच्या काउंटीपेक्षा चांगलं कळलं होतं. गुडघे टेकून मी एका पन्हळीत हात घालून बसले होते तेव्हा एका जर्मन बाईने मला काही हरवलंय का म्हणून विचारलं.

मग त्या गावामागचा सुळका चढले. खाली एका वहीत नाव लिहून वर सोडतात. पायऱ्या इतक्या उभ्या की गुडघा छातीला लागतो, आणि जिथे पायऱ्याही नाहीत तिथे दोर धरायचा. मी चाळीस वर्षांची होते, कॅनव्हासचे बूट घातलेले, दोनदा वाटेत बसले. वर पोचले तेव्हा तिथे एक तरुण जोडपं होतं, तेही उतरून गेलं. मी एकटी त्या खडकावर बसून पिशवीतला चिवडा खाल्ला. इतकी सुखी मी लग्नानंतर कधी झाले नव्हते. त्या चार तासांत मला नवऱ्याची आठवण एकदाही आली नाही. ती परतीच्या ट्रेनमध्ये आली. हॉटेलात पोचले तेव्हा तो खाली बसून कोकाच्या पानांचा चहा पीत होता. 'आलीस?' म्हणाला. वर काय पाहिलंस, हे त्याने विचारलं नाही.

स्लाइड शो झाला ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी, आमच्या बेसमेंटमध्ये. सहलीहून आलं की स्लाइड शो करायचा ही तेव्हा आमच्यात रीतच होती. छोट्या खिडक्यांना पुठ्ठे लावले, भिंतीवर पांढरी चादर ताणली. पावभाजी खाऊन सुस्तावलेली अठरा माणसं गालिच्यावर बसली. नवरा प्रोजेक्टरपाशी उभा राहिला. 'पेरूला जाऊन आलो, पण तिखटमीठ लावून खायला पेरू काही मिळाला नाही,' असं म्हणून त्याने सुरुवात केली. सगळे हसले.

मी चहाचा ट्रे घेऊन जिन्यापाशी उभी होते. एकेक स्लाइड खटकन पडत होती आणि एकेका स्लाइडबरोबर तो वर चढत होता. 'इथे आम्ही बसमधून उतरलो. इथून आम्ही चढायला लागलो. हे त्यांचं स्टेडियम.' ती शेतं होती. 'भिंती बघा, आपल्या किल्ल्यांसारख्याच. चुन्यात गूळ घालून बांधायचे.' मागून कोणीतरी म्हणालं, 'पण ही तर हेमाडपंती वाटते, विनाचुन्याची.' त्या माणसाचं बरोबर होतं. नवरा म्हणाला, 'हो हो, तेच ते.' माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. तरी मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे मला आईने शिकवलं होतं आणि सासूने घोटून घेतलं होतं.

मग सुळक्यावरून घेतलेली स्लाइड आली. खाली ते सबंध गाव तळहाताएवढं, आणि चित्राच्या कोपऱ्यात माझ्या निळ्या कॅनव्हासच्या बुटाचं टोक.

'हा मी कड्याच्या अगदी टोकाला बसून काढला,' नवरा म्हणाला. 'खाली सरळ दरी. ही घाबरली होती.'

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी ट्रे पायरीवर ठेवला.

'आम्ही न्हवं,' मी म्हणाले. 'मी चढलो. एकटी चढलो.'

कोल्हापूर बाहेर आलं. दोन-तीन जणी खुदकन हसल्या. नवऱ्याला तेवढी फट पुरली. 'तेच तर मी मघापासून सांगतोय,' तो हात पसरून म्हणाला. 'चढलो.' सगळं बेसमेंट खो खो हसलं.

मी दिवा लावला. मग ज्या मराठीला पुण्यातही कोणी नावं ठेवली नसती अशा मराठीत एकेक शब्द सुटा करून सांगितलं. 'मी चढले. एकटी. हे तेव्हा कुस्कोच्या हॉटेलात ऑक्सिजन लावून झोपले होते. फोटो सगळे मी काढलेत. मी घाबरले नव्हते. आणि त्या भिंतीत चुना नाही, गूळ तर नाहीच नाही.'

कोणी हसलं नाही. नवरा चादरीकडे बघत राहिला, उजेडात तिच्यावर आता काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा बोलल्या त्या काकू.

'म्हणजे आजारी माणसाला तू परक्या देशात तसंच टाकून गेलीस?'

'एका दिवसासाठी, काकू. डॉक्टर बघून गेले होते.'

'अगं, पण काही झालं असतं म्हणजे?'

मग सगळ्यांचे प्रश्न सुरू झाले. ऑक्सिजन किती दिला, ताप होता का, जेवायला कोणी दिलं. नवरा हळूहळू उत्तरं देऊ लागला आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झाली. वर काय होतं, सुळका किती उभा होता, एकट्या बाईने तो कसा चढला, हे अठरांपैकी एकानेही विचारलं नाही. चहा निवला तो मी मोरीत ओतून दिला.

सगळे गेल्यावर नवरा स्वयंपाकघरात आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

'तुझ्यासाठीच मी आम्ही म्हणत होतो,' तो म्हणाला. 'आजारी नवऱ्याला टाकून गेली म्हणून लोक तुलाच नावं ठेवतील, हे मला माहीत होतं. आता बघ.'

त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला.

'मग हा मी काढला म्हणालात, ते कोणासाठी?' मी विचारलं.

त्याने फडकं घेतलं आणि ताटल्या पुसायला लागला. मला उत्तर मिळाल्याशिवाय चालणार नव्हतं, म्हणून मी तीन महिने कामापुरतंच बोलले.

तोवर फोनाफोनी होऊन गोष्ट आमच्या आधी सगळीकडे पोचली होती. आयसेलिनच्या देशी किराणा दुकानात भाजी निवडताना एका अनोळखी बाईने मला विचारलं, 'पेरूच्या त्या तुम्हीच ना?' मला क्षणभर बरं वाटलं. मग ती म्हणाली, 'आता कशी आहे तुमच्या मिस्टरांची तब्येत?'

संक्रांतीला काकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमच्या दोघांतली धुसफुस सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे माझ्या शेजारी बसलेल्या बायका जरा जपूनच बोलत होत्या. गुळाची पोळी वाढता वाढता कोणीतरी येत्या उन्हाळ्यात कोलोरॅडोच्या डोंगरात जायचा विषय काढला. नवऱ्याने मान वर केली. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता, विनोद सुचला की तो तसा व्हायचा.

'जा जरूर,' तो म्हणाला. 'फक्त आमच्या हिला बरोबर नेऊ नका. नवऱ्याला ऑक्सिजन लावते आणि निघून जाते.'

हसण्याचा असा काही स्फोट झाला की काकूंनी डोळ्याला पदर लावला. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, फार प्रेमाने पाहिलं. मी काय करते तेवढंच बघायचं राहिलं होतं.

मी हसले. नवऱ्यावर चिडायला त्यानंतर मला तोंड उरलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो विनोद घरोघर सांगितला गेला आणि दर वेळी मी हसत आले. तो सुळका मी एकटी चढले होते, आणि त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या मी तो स्वतःच्या हाताने देऊन टाकला. बाकी कोणाचा नाही, पण माझा मला त्याबद्दल राग आजही येतो.