पापाचा घडा आणि पुसलेली फरशी

परवा मुलीच्या घरी दुपारचा चहा घेत टीव्हीपुढे बसले होते. पडद्यावर कोवळ्या वयाच्या महावीरांची, म्हणजे सुपरहिरोंची, एक टोळी नाटक बसवत होती. उडणारा पडद्यात गुरफटला, ताकदवानाने राजवाडाच उचलून आपटला. कार्टून इंग्रजीत होतं, पण फजितीला भाषा लागत नाही. माझा नातू खांद्याला लाल टॉवेल बांधून, बुटांसकट सोफ्यावर उभा राहून खिदळत होता. त्या टॉवेलावरून मला जयपूरची लाल लहरिया, नागमोडी पट्ट्यांची साडी, आठवली.

माझी बँकेतली बदली जयपूरला झाली आणि आम्ही मुरलीपुऱ्यात राहिलो, ती दोन हजार सालानंतरची काही वर्षं. बदलीवर आलेली मराठी घरं शहरभर विखुरलेली. गणपतीत तेवढी एकत्र यायची. मुलांचं नाटक मराठीतच व्हायचं, असा दंडक होता. मुलं आपसांत हिंदीत बोलत आणि आमच्यापुढे मराठीत ठेचकाळत. त्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीने सांगून टाकलं, की यंदाही नाटक अडखळलं तर पुढच्या वर्षीपासून ते हिंदीत. हे झोंबलं ते विमा कंपनीतल्या काकांना. नाटक तेच लिहीत, तेच बसवत, आणि वर्षभर त्या एका संध्याकाळसाठी जगत म्हटलं तरी चालेल.

मुलांना महावीरच हवे होते. त्यांनी टीव्हीवर असाच एक फजितीचा भाग पाहिला होता. काकांनी महावीर मान्य केले, पण भाषा सोडली नाही. माझी मुलगी टोळीची नायिका. तिचं पहिलं वाक्य होतं, "हे दुष्टा, तुझ्या पापाचा घडा भरला आहे!"

"काकाजी, घडा मतलब मटका?" तिने विचारलं.

"हो बाळा, मटकाच," काका म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. माझ्या त्या जुन्या लाल लहरियाचा अंगरखा घालून ती आठवडाभर आरशाला दुष्ट म्हणत होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडदा उघडला. खलनायक झालेली कोल्हापूरकरांची मुलगी मोठाल्या चपला फटफटवत आली. नायिका गरजली, "हे दुष्टा..." आणि थांबली. विंगेतून काका घसा फोडून वाक्य सांगत होते; ढोलवाला उत्साहात होता, काही ऐकू जाईना. कार्यकारिणी पहिल्याच रांगेत बसली होती. आणि मग लेकीने कमरेवर हात ठेवले.

"चपला बाहेर काढ आधी! आत्ताच फरशी पुसलीये!"

खलनायक झालेल्या मुलीने घाबरून खरोखरच चपला काढल्या. मग तीही उसळली, "लई शाणी झालीस व्हय गं?" रेल्वेतल्या नागपूरकरांचा मुलगा उडत यायचा होता, तो धावत आला. नायिकेने त्यालाही धारेवर धरलं, तेव्हा तो म्हणाला, "काहून वरडून राहिली? जेवू तर दे!" पुढचं सगळं नाटक असंच झालं. दुष्टाला हातपाय धुवायला लावले, पानात टाकलेल्या भाजीवरून झापलं आणि शेवटी अभ्यासाला बसवलं. लोक हसून हसून वाकले. आम्ही आया मात्र एकमेकींकडे चोरून पाहत होतो. प्रत्येकीचा आवाज स्टेजवर होता, आपापल्या जिल्ह्यासकट.

काका विंगेतून बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. "माझं एक वाक्य घेतलं नाही कार्ट्यांनी," ते अध्यक्षांना म्हणाले, "पण सांगा, एक तरी शब्द हिंदी होता?" अध्यक्षांना हसू आवरत नव्हतं. दंडक राहिला. पुढे आमची बदली झाली. आता तिथे नाटक होतं की नाही, मला ठाऊक नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही.

इकडे कार्टून संपत आलं होतं. नातवाला मराठी येत नाही, असं मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, थोडं ओशाळून. ती स्वयंपाकघरातून त्याच्याशी इंग्रजीतच बोलत होती. तिने डोकावून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम चढला, "बूट काढ आधी! आत्ताच फरशी पुसलीये!"

महावीर मुकाट्याने खाली उतरला आणि बूट काढून दाराशी ठेवून आला.

मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. मी तिच्याशी किती गोड बोलले असेन, गोष्टी सांगितल्या असतील. पुढे गेलं ते माझं रागावणं. ते तरी पुढे गेलं, असं म्हणून मी गार झालेला चहा संपवला.