विजयमालाची गाठ

कोल्हारच्या विजयमालाकडून ब्लाऊज शिवून घ्यायला चार गावच्या बायका यायच्या. हात चालू, तोंडही चालू. पण महिनाभर ती गप्प होती. अंघोळ करताना डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ हाताला लागली होती. घरात कुणाला बोलली नाही.

त्यातच बचत गटाच्या बैठकीत नर्सबाईंनी सांगितलं, की मुलाला अंगावर पाजलं तर बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो. विजयमालाने पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. तिची दिपाली सातव्या महिन्यातच जन्मली, चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. तोवर आईचं दूध आटलं. पोर वरच्या दुधावर वाढली, आता एकोणीस वर्षांची होती.

शेजारी बसलेली जाऊ रंगुबाई म्हणाली, "म्या पाच पाजल्यात. मला काय होनार हाय?"

त्या संध्याकाळी विजयमालाने लेकीला सगळं सांगितलं. दिपाली दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन नगरच्या एसटीत बसली.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, मग गाठीत बारीक सुई घातली. सुईत पिवळसर पाणी आलं आणि गाठ हाताखालीच बसली.

"पाण्याची गाठ होती. कॅन्सर नाही."

विजयमालाने पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "लेकराला पाजलं न्हाई, म्हनून झाली का?"

"नाही हो. पाजल्यानं धोका थोडा कमी होतो, एवढंच. न पाजलेल्या बहुतेकींना काही होत नाही. आणि पाजलेल्यांना कधीच होत नाही, असंही नाही. गाठ लागली की लगेच यायचं, कुणीही असो."

बाहेर आल्यावर तिला कडकडून भूक लागली. स्टँडवर मायलेकींनी दोन-दोन प्लेट मिसळ खाल्ली.

"तुला पाजता आलं न्हाई, त्याचं लई वाईट वाटायचं गं."

"मग काय झालं? मी काय वाळून गेले का?" दिपालीने दंड फुगवून दाखवला. विजयमाला इतकी हसली की तिला ठसका लागला.

घरी पोचल्यावर तिने रंगुबाईला गाठलं.

"आक्का, सोमवारी तुमी माझ्याबरोबर तपासायला यायचं."

"मला काय धाड भरलीय?"

"न्हाई ना? मग तेवढं डॉक्टरबाईंकडून ऐकून यिऊ."

रंगुबाई कुरकुरली, पण सोमवारी सकाळी पातळ बदलून दारात उभी होती. तिला काहीच निघालं नाही.