खांबावरचा फोटो

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी विषय बदलते. आई मात्र पाहुण्यांना सांगून टाकते, "ट्रॅफिकमध्ये आहे." मग पाहुणे माझ्याकडे बघून तोंडात शिट्टी धरल्यासारखं करतात आणि हसतात. मीही हसते. समजावून सांगायला मराठी शब्द पटकन सुचत नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी बोलायचं ते जेवण-खाण आणि अभ्यासापुरतं. चारचौघांत मराठीत बोलायचं म्हटलं की मी मनात आधी वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

काम तसं अवघड नाही. संभाजीनगर, पलीकडे वाळूज, बजाजनगर आणि तिथून गंगापूरकडे जाणारा रस्ता, या पट्ट्यात वाहतुकीची बरीच यंत्रं बसवलेली आहेत. सिग्नल, कॅमेरे, बसमधलं जीपीएस, थांब्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या. प्रत्येक यंत्र वेगळ्या कार्यालयाचं. कुणाच्या यंत्राने कुणाला कोणती माहिती द्यायची आणि ती मिळाल्यावर कुणी काय करायचं, याचा एक आराखडा असतो. कागदावर बघितलं तर नुसते चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. तो एकदा करून भागत नाही, सांभाळावा लागतो, कारण एक कार्यालय यंत्र बदलतं आणि शेजारच्या कार्यालयाला सांगायचं विसरतं. आमची छोटी संस्था ते सांभाळायचं काम करते. मला ते आवडतं. चौकोन तुमच्याकडे बघत नाहीत.

गंगापूरच्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे. वडील शहरात आले, काका गावातच शेती करत राहिले. त्या रस्त्यावर एक बस प्रयोग म्हणून सुरू झाली, आणि आमच्या फाट्यालाही तिचा थांबा मिळाला. थांब्याच्या शेडसमोर एक खांब, खांबावर कॅमेरा. कॅमेरा उभी असलेली माणसं मोजतो, तो आकडा आमच्याकडे येतो, आणि दर काही महिन्यांनी आराखड्याची फेरतपासणी होते तेव्हा त्या आकड्यांवरून कोणते थांबे ठेवायचे हे ठरतं. हा थांबा मिळवून देण्यात माझा काडीचाही हात नव्हता. हे मी काकांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी ते माझा मोठेपणा समजून ऐकलं.

त्या बसमुळे एक गोष्ट मात्र झाली. काकांच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, वाळूजच्या एका कंपनीत नोकरी लागली. गाड्यांच्या वायरी जुळवायच्या, पहिली पाळी. त्याआधीही तिने एकदा विचारलं होतं, पण तेव्हा जायला फक्त वडाप जीप होती, आणि दाटीवाटीने मागे बसून सून कामाला जाणार नाही, असं काकांनी सांगितलं होतं. बस आली तेव्हा ते म्हणाले, बस हाय तवर जा. वहिनीने 'जा' ऐकलं, आम्ही सगळ्यांनी 'तवर' ऐकलं.

फेरतपासणीच्या आधी आकडे जुळवताना मला आमच्या फाट्यापुढे नुसती शून्यं दिसली. पहिले काही आठवडे थोडीथोडकी माणसं, मग एका दिवसापासून कुणीच नाही. वहिनी तर रोज जात होती. मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. संस्थेच्या सरांना सांगायचं मनात आलं, पण माझ्याच गावाचा थांबा मीच उचलून धरते आहे असं दिसेल, या भीतीने मी ते वाक्य मनातल्या मनातच जुळवत राहिले. सर पुण्याचे, चांगले गृहस्थ. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. तरीही.

बैठकीत सगळ्या कार्यालयांची माणसं होती. शून्यवाले थांबे एकेक करून वगळायचे होते. आमच्या फाट्याची पाळी आली तेव्हा बसच्या कार्यालयाकडच्या एका साहेबांनी विचारलं, कॅमेरा चालू तरी आहे का, चित्र दाखवा. लॅपटॉप माझ्याकडे होता. मी चित्र भिंतीवर टाकलं.

कॅमेऱ्यासमोर कापडासारखं काहीतरी ताणलेलं होतं. सकाळचं ऊन मागून येत होतं, त्यामुळे त्यावर छापलेलं उलटं दिसत होतं. उलटी अक्षरं, खाली ओळीने लहान लहान उलटे चेहरे, आणि मधोमध एका मुलीचा मोठा चेहरा.

"कुणाचा तरी वाढदिवस दिसतोय," साहेब म्हणाले.

मी तो चेहरा लगेच ओळखला नाही. आपला चेहरा एवढा मोठा कोण बघतं? ओळखला तो खांद्यावरचा हात. मेंदी भरलेला, हिरव्या चुड्याचा, मनगटाच्या जरा वर कापलेला. तो वहिनीचा हात होता. तिच्या लग्नात हळदीनंतर काढलेला आमचा दोघींचा फोटो, त्यातून नवरी कापून टाकली होती, आणि माझ्या खांद्यावरचा हात कापता आला नव्हता म्हणून तो राहिला होता.

सर पुढच्या थांब्याकडे वळत होते. यंत्र चालू, माणसं नाहीत, विषय संपला, असं कुणीतरी म्हणालंही. मला एवढंच सांगायचं होतं की माणसं आहेत, ती फ्लेक्सच्या पलीकडे आहेत. पण ते सांगायचं तर पुढचा प्रश्न येणारच होता.

"सर," मी म्हणाले, "तो फ्लेक्स माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"माझा फोटो आहे त्यावर. आमच्या घरच्यांनी लावला असेल."

मग साहेबांनी चित्र जरा मोठं करायला सांगितलं. मीच केलं. माझंच बोट, माझाच चेहरा, भिंतभर. कुणीतरी म्हणालं, चोराच्या घरात पोलीस ऐकला होता, पोलिसाच्या घरात चोर आज बघितला. सगळे हसले, वाईट हेतूने नव्हे. सरांनी पुढच्या तपासणीपर्यंत थांबा ठेवायचा असं नोंदवलं आणि मला म्हणाले, "तुझाच आहे ना, मग तूच काढून घे." कान इतके गरम झाले होते की मला ते पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी मी त्याच बसने गेले. तोंडाला स्कार्फ बांधला होता. शहरातल्या मुली उन्हासाठी बांधतात. मी त्या दिवशी फोटोसाठी बांधला. उतरले तर समोर मी. अक्षरं आता सुलटी होती, पण मला मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून उभं राहून वाचलं. आमच्या गावची कन्या, वाहतूक अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी अधिकारी नाही. खाली शुभेच्छुकांमध्ये काका, त्यांच्यानंतर निम्मं गाव. टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं, आणि चहा उकळवायला वळला.

घरी काका ओसरीत बसले होते. मी सगळं समजावलं. कॅमेरा, आकडे, शून्य. बोलताना बरेच शब्द इंग्रजीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पण खांब तर तुमच्याच खात्याचा हाय ना?" ते म्हणाले.

"आमचा नाही काका. आम्ही फक्त—"

"आता बघ. खांब तुझ्या खात्याचा, मंग तुझा फोटो दुसऱ्याच्या खांबावर लावू व्हय? मुद्दाम शहरात गुलमंडीवरून छापून आणला. लई चांगलं कापड हाय. वरून घट्ट बांधायला लावलं, वाऱ्यानं उडू नाय म्हणून."

खरोखर घट्ट बांधला होता. त्यांच्या हिशोबात कुठेच चूक नव्हती. आमच्या आराखड्यातही खांब आणि मी एकाच पानावर होतो.

ते म्हणाले, काढला तर लोक विचारतील, पोरीची नोकरी गेली का. आणि उद्या त्याच जागी दुसऱ्या कुणाचा लागेल. मी म्हणाले, तो लागला तर तोही काढावा लागेल, नाहीतर बस बंद होईल.

"झाली तर झाली," काका म्हणाले. रागाने नाही, पाऊस येईल म्हणावं तसं. "सूनबाई बसंल घरी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवले, पदर सारखा केला.

"मामा," ती म्हणाली, "सुतळी कापायला विळा देऊ का?"

काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि टोपी घातली. फाट्यापर्यंत ते माझ्यापुढे चालत राहिले. टपरीवरच्या दोघांनी शिडी धरली, काकांनी स्वतः वर चढून सुतळ्या कापल्या आणि माझा चेहरा हळूच गुंडाळून, नव्या लुगड्याची घडी करावी तसा, काखेत घेतला. कुणीतरी विचारलंच, काढला कामून? काका म्हणाले, "तिला प्रमोशन झालं. नवा छापायचा हाय." मी स्कार्फ पुन्हा बांधला होता, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी ऑफिसात चित्र उघडलं. शेड, रस्ता, एक कुत्रं, सगळं लख्ख. पण आकडे किरकोळच. कधी दोन पुरुष, कधी एक. पहिल्या पाळीच्या वेळी बस थांबलेली दिसायची, तिच्या आडोशाने माणसं चढत असावीत, आणि शेडमध्ये तेच एक-दोघं. यंत्राच्या मते आमच्या फाट्यावरून कुणी बाई कामाला जातच नव्हती.

मी वहिनीला फोन केला. कुठे उभ्या राहता, विचारलं.

"चिंचेखाली. तिकडं, टपरीच्या मागं. समद्या तिथंच राहतात. बस आली का पळत येतो."

"शेडमध्ये का नाही?"

"शेडात माणसं बसलेली असतात की."

पुढे तिने जे सांगितलं ते मला माहीत होतं. पाय पसरून बसलेली, रिकामी, बघत राहणारी. मीही कुठल्याच थांब्यावर शेडमध्ये उभी राहत नाही, जरा लांब, झाडाच्या किंवा पाटीच्या आडोशाला राहते. हे मी कधी चौकोनात बसवायचा विचार केला नव्हता. सरांना विचारलं, कॅमेरा चिंचेकडे वळवता येईल का. ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, लिहून ठेव; पण खांब एका कार्यालयाचा, कॅमेरा दुसऱ्याचा, दोघांची परवानगी पुढच्या तपासणीच्या आत येणार नाही. म्हणजे कॅमेरा हलणार नव्हता, चिंच हलणार नव्हती. बायकाच तेवढ्या हलण्यासारख्या होत्या.

पुन्हा फोन केला. सांगितलं, काही दिवस शेडसमोर उभ्या राहा, कॅमेऱ्यात याल अशा. सगळ्यांना सांगा. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही राहिल्या असत्या का ताई?" वहिनीने विचारलं.

मी जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. शेवटी तीच म्हणाली, "बरं. सांगते त्यांला," आणि फोन ठेवला.

त्यानंतर आकडे वाढले. मी रोज सकाळी बघायचं टाळायचे आणि रोज बघायचे. आधी एक आली, मग तिघी, मग चिंचेखाली कुणी उरलं नसावं. डब्याच्या पिशव्या घेऊन, डोक्यावर ओढणी, कुणाचा पदर, कुणाचा स्कार्फ, एकमेकींना चिकटून. सगळ्या खांबाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. यंत्राला पाठ चालते, ते डोकी मोजतं. शेडमधली माणसं त्यांच्याकडे बघत बसलेली दिसायची, आणि मी इकडून.

पुढच्या बैठकीत ते चित्र भिंतीवर लागलं. थांबा राहिला, चर्चाही झाली नाही. बसकडचे साहेब खुश होऊन म्हणाले, बघा, फ्लेक्स काढल्याबरोबर गर्दी. कुणीतरी चित्र मोठं करा म्हणालं. मी केलं. घामाने भिजलेल्या ब्लाउजांच्या पाठी, एका बाईने खाजवायला मागे नेलेला हात, सैल झालेला अंबाडा. एवढ्या साहेबांसमोर आपण असे दिसणार आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

"यातली तुझी वहिनी कोणती?" सरांनी सहज, कौतुकाने विचारलं.

ती उजवीकडून दुसरी होती. तिने एका हाताने शेडचा खांब धरला होता.

"दिसत नाहीये सर," मी म्हणाले, आणि पुढच्या थांब्याचं चित्र लावलं.