काजळीचं कडं

खजिन्याच्या पहाऱ्यावर ती एकटी बाई. नवऱ्यामागे त्याची जागा तिने भांडून मिळवली, हे तिच्या दिराच्या मनातून कधी गेलं नव्हतं. तोच आता पहाऱ्याचा जमादार होता. वहिनीने हत्यार सोडून फाटकावर बसावं, हे गोडीगुलाबीने सुचवून तो थकला होता.

वार्षिक नेमबाजीच्या सकाळी त्याला आयतं निमित्त मिळालं. पहाऱ्याची लांब काडतुसं तिच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुरती शिरेनात. हत्यार म्हातारं झालंय, असा निकाल देऊन दिराने चारचौघांत बजावलं, की ज्याचं हत्यार चालणार नाही त्याने उद्यापासून फाटक सांभाळायचं. वर सँडपेपरचा तुकडाही पुढे केला. घासून बघा हवं तर.

तिने तो घेतला नाही. वर्षभर सराव चालायचा आखूड काडतुसांवर, कारण ती हाताला कमी धक्का देतात. दर गोळीमागे त्यांच्या टोकापुढे काजळी आणि शिसं थापलं जाऊन सिलिंडरच्या घरांत, म्हणजे काडतुसं बसतात त्या भोकांत, कडं धरलं होतं; लांब काडतूस त्यालाच अडत होतं. वरवर चिंधी फिरवताना ते तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. सँडपेपरने कडं गेलं असतं, पण पोलादही झिजलं असतं, आणि मग हत्यार खरोखरच बाद.

तिने रिकामं सिलिंडर काढलं, घरांत सफाईचं तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली. पहारेकरी येताजाता हसत होते.

"काय वहिनी, बाळाला तेल लावून झालं का?" दिराने विचारलं.

"झालं. पण काकाच्या मांडीवर देणार नाही."

हसण्याचा रोख बदलला. दीर तेवढा हसला नाही.

पितळी ब्रशने काळा राडा सुटू लागला. तरी एक घर हटून बसलं. मैदानावरून तिच्या नावाचा पुकारा झाला. 'फाटकाच्या कामावर नाव लिहू का?' असं दिराने लांबूनच विचारलं. तिने त्या घरात पुन्हा तेल सोडलं, दातओठ खाऊन ब्रश फिरवला, सगळी घरं कोरडी पुसली. सहाही काडतुसं आपल्या वजनाने आत उतरली.

सहाही गोळ्या लक्ष्याला लागल्या. दोन अगदी कडेला, पण लागल्या.

परतताना ती दिरासमोर थांबली.

"भावोजी, फाटकावर माणूस लागणारच असेल, तर तुम्ही बसा. आणि तुमचं सिलिंडर आणा माझ्याकडे पहाऱ्यावर. तुमचाही सराव आखूड काडतुसांवरच झालाय."

कमरेचा पट्टा आवळून ती आपल्या पहाऱ्यावर निघून गेली. दीर रिव्हॉल्व्हर उघडून उजेडाकडे धरून बघत राहिला.