सर्पदंशाचा बोर्ड

नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ती सातवीत. तिने विषय घेतला सर्पदंश. मी म्हणाले, "दुसरं काय सुचलं न्हाई का?"

"आजी, मला हेच करायचंय."

तिची आई, म्हणजे माझी सून, चार वर्षांपूर्वी साप चावूनच गेली.

थर्माकोलवर तिने पिवळा कागद चिकटवला, कडेने लेस, चमकी, कोपऱ्यात फुलं.

"लग्नाचा बोर्ड हाय का? काढ ती फुलं," मी म्हणाले.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण नजर बरी आहे. ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून मला वाचता येईल एवढं अक्षर पाहिजे, असं तिला सांगितलं. काळ्या कागदाची अक्षरं मीच कापून दिली. सापांच्या चित्रांत घोणस एका कोपऱ्यात बारीक लावली होती. ती मोठी छापून आणायला लावली आणि मधोमध चिकटवली. आमच्या येडगावकडच्या रानात तीच जास्त.

बाईंनी सांगितलं होतं, गावातली खरी घटना चौकटीत लिहा, माणसं थांबून वाचतात. नातीने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "माझ्या आईला बाजरी काढताना घोणस चावली. वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून ती वाचली नाही."

ते तिला मीच सांगितलेलं. खोटं होतं.

शेजाऱ्याची पिकअप बांधावरच उभी होती. मुलगा चाकणला कामावर, घरात ठरवणारी मी. मी गाडी देवळाकडे घ्यायला लावली. आमच्यात आधी देवळात नेतात आणि कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही असं धरतात. सुनेने चावला. म्हणाली, "कडू लागतोय. पण आत्याबाई, पाय लई ठणकतोय. दवाखान्यात चला."

"कडू लागतोय ना? मग गप बस," मी म्हणाले.

दोन तास ती बसली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा गाडी हलवली. दवाखान्यात त्यांनी इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती रडली नाही. कागद फाडून नवा घेतला आणि लिहिलं, "गाडी होती. आधी देवळात नेलं. दोन तास गेले."

"कुणी नेलं ते लिही की," मी म्हणाले.

"जागा न्हाई."

खाली चार बोटं जागा होती.

प्रदर्शनात माणसं त्या चौकटीपाशीच थांबत होती. एक बाई वाचून नातीला म्हणाली, "कुणी नेलं गं देवळात? एवढी कशी अक्कल न्हाई लोकांना?"

नातीने हातातली पट्टी माझ्याकडे केली. "ही माझी आजी. हिलाच विचारा."

बाई वरमली. "जाऊ द्या, मावशी," म्हणाली आणि निघाली. मी तिला थांबवलं. "पाला कडू लागला म्हणून मी थांबले. विष चढलं तरी तो कडूच लागतो. तुमच्या घरी असं झालं तर पाला देत बसू नका."

तिच्यामागे दुसरी माणसं आली. त्यांनाही तेच सांगितलं. दुपारपर्यंत सात-आठ वेळा सांगितलं असेल. नात बोर्डाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून सापांची नावं सांगत होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.