ऑपरेशननंतरचं गाऱ्हाणं

गंगामावशींनी रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं आयाचं काम केलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टर पद्मजाबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पुढ्यात फोन ठेवला. बाई पोटाच्या ऑपरेशनांवर संशोधन करत होत्या. अपेंडिक्स, हर्निया, आतडं, ज्याचं जे असेल ते. तिसाव्या दिवशी पेशंटला फोन करून तब्येत विचारायची आणि फॉर्म भरायचा.

मावशी गणपतीचं नाव घेऊन नंबर लावत. पलीकडून उत्तर एकच, "बरा हाय."

एकसष्ट फॉर्म झाले, तक्रारीचा रकाना कोरा. बाई खूष होतील असं मावशींना वाटलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मावशी, एकसष्ट पोटं उघडली आणि कुणालाच काही नाही? एवढी हुशार मी नाही. हे असंच राहिलं तर सगळं संशोधन फुकट."

मावशींच्या मनाला लागलं. आपल्या हातून देवाच्या नावाने खोटं लिहिलं जातंय की काय? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या पालीपुढच्या वाडीत काशीरामकडे गेल्या. आतड्याला भोक पडून तो मरता मरता वाचला होता. गेल्याच आठवड्यात त्यानेही फोनवर बरा म्हटलं होतं.

काशीराम पडवीत खुर्चीवर बसून जेवत होता.

"बरा हाय, मावशे."

"मग खाली मांडी घालून का जेवत नाहीस?"

"असाच."

"असाच कसा?" आतून त्याची बायको मैना म्हणाली. "टाक्यातनं पाणी येतंय. रोज बनियन धुवून माजे हात गेले."

"गप गो. बाईंनी जीव वाचवला माजा. त्यांच्या कागदावर वाईट लिवायचं? वरचे सायब बोलतील त्यांना."

मावशींना हसू आलं. अशा मायेने कोरे राहिले होते तर रकाने.

"शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा देवीपुढे गाऱ्हाणं घालतोस ना? तिथे म्हणतोस का बरा हाय?"

"तिथं कसं? तिथं सगळंच सांगायचं."

"देवी रागावते?"

"न्हाय."

"मग बाईंचा कागद तसाच समज. तू लपवलंस तर तुझ्यामागून येणाऱ्याचंही दुखणं कळायचं नाही."

काशीराम उठला, हात धुतले, जोडले आणि पालखीपुढे उभं राहावं तसा सुरू झाला. टाका, मळमळ, खोकताना उठणारी कळ. गाऱ्हाण्याला गाव साथ देतो तशी प्रत्येक वाक्याला मैना आतून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मावशींना कागद पुरेना.

दुसऱ्या दिवशी काशीराम हॉस्पिटलात आला आणि बाईंनी आत चिघळलेला एक टाका काढला. "बरं झालं आलास. आणखी थांबला असतास तर पुन्हा पोट उघडावं लागलं असतं."

मग मावशींनी उरलेल्या साठांना पुन्हा फोन लावले. कसे आहात, हे विचारलंच नाही. खाली बसता येतं का, कळशी उचलता का, गाऱ्हाणं काय ते सांगा. सतरा जणांनी सांगितलं. दर तक्रारीला बाई खुर्चीतून उठत आणि चहा मागवत.

"तक्रारी आल्या म्हणून चहा पाजणारी डॉक्टर मी पहिल्यांदा बघतोय," कंपाउंडर विनोद म्हणाला आणि त्याने आपलाही कप पुढे केला.

टाका काढल्याच्या नवव्या दिवशी काशीरामने स्वतःहून फोन केला. जखम सुकली होती, तो खाली बसून जेवला होता.

"पण एक लिवाच, मावशे. मैना फणसाचा गरा खाऊ देत न्हाय."

मावशींनी तेही लिहिलं.